पीटीओचे ५४० फेरे आणि इंजिनाची रेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या मागे आता नांगर कमी आणि फिरती अवजारं जास्त दिसतात. काटोल-नरखेडच्या संत्रा बागेत फवारणीचा ब्लोअर, सावनेर-कळमेश्वरकडे पऱ्हाटीची (कापसाच्या झाडांची) कुट्टी करणारं श्रेडर, उमरेडच्या बाजूला सोयाबीनचं थ्रेशर, रामटेक-मौद्याच्या धानाच्या बांधीत चिखलणीचा रोटाव्हेटर. यातलं प्रत्येक यंत्र पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतं आणि प्रत्येकाला ठरावीक फेरे लागतात. मी बरीच वर्षं भाड्याने मशागतीची कामं करतो. वावरात, धुऱ्यावर, गॅरेजच्या ओट्यावर जे प्रश्न लोक मला पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत.

पीटीओ ५४० म्हणजे नेमकं काय?

ट्रॅक्टरच्या मागे जो खाचांचा दांडा बाहेर आलेला असतो, तो मिनिटाला ५४० वेळा फिरला पाहिजे, एवढाच याचा अर्थ. ५४० चा दांडा ३५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावर ६ खाचा असतात. मागे उभं राहून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. हे माप जगभर सारखं आहे, म्हणून कुठल्याही कंपनीचं अवजार कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला लागतं. अवजार बनवणारा आपला गिअरबॉक्स, पुली, पाती, पंखा हे सगळं ५४० धरूनच बसवतो. आपण दांडा ४५० वर फिरवला, तर त्याने बनवलेलं यंत्र आपण वापरतच नाही, त्याचं अशक्त रूप वापरतो.

५४० हा आकडा कुठून आला?

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांनी तो ठरवला. सुरुवातीला ५३६ असा आकडा होता, थोड्या कमी-जास्त सवलतीसह. पुढे तो ५४० वर स्थिर झाला. मोठ्या ट्रॅक्टरांसाठी १००० फेऱ्यांचा दुसरा प्रकार नंतर आला.

माझ्या ट्रॅक्टरवर ५४० कोणत्या रेसला मिळतात?

रेस म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजेच आरपीएम. प्रत्येक मॉडेलचं उत्तर वेगळं आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. एकाला १५०० ला मिळतात, दुसऱ्याला १८०० ला, तिसऱ्याला त्याहून वर. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर १६०० वर रोटाव्हेटर चालवतो म्हणून आपलाही तेवढ्यावरच चालवायचा, हे बरोबर नाही.

आधी मीटर बघा. बहुतेक ट्रॅक्टरांच्या आरपीएम मीटरवर ५४० ची किंवा पीटीओची खूण असते. ती पुसली असेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ‘५४० @’ असं लिहून पुढे इंजिनाचे आरपीएम दिलेले असतात. तो एक आकडा कळला की बाकीचं गणित पाचवीतलं आहे. समजा तुमच्या गाडीला १८०० ला ५४० मिळतात. मग १८०० ला ५४० ने भागा, ३.३३ येतात. इंजिनाचे आरपीएम काहीही असोत, ३.३३ ने भागले की पीटीओचे फेरे मिळतात. १५०० ला ४५०, २००० ला ६००. गिअर कोणताही टाका, गाडी उभी असो की चालत असो, हे प्रमाण बदलत नाही, कारण पीटीओचा दांडा इंजिनाशीच दातेरी चाकांनी जोडलेला आहे. (चाकांच्या वेगाशी जोडलेला पीटीओ वेगळा, त्याचं पुढे येईल.)

मीटर बंद आहे. फेरे मोजायचे कसे?

डोळ्यांनी मोजता येत नाहीत. ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. कानाने ओळखणारे जुने ड्रायव्हर असतात आणि त्यांचा अंदाज चांगला असतो, पण तो ज्या गाडीवर आयुष्य गेलं त्या गाडीपुरता. नव्या गाडीवर तेच कान फसतात.

लेझरवर चालणारं टॅकोमीटर मिळतं. दांड्यावर चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा, दुरून लाल ठिपका धरायचा, आकडा समोर. भाड्याचं काम करणाऱ्याने ते घ्यावंच.

ते नसेल तर मोबाइलने काम होतं. ज्या फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन व्हिडिओ आहे, तो घ्या. गाडी बंद करून दांड्याच्या टोकावर पांढऱ्या रंगाची एक ठळक रेघ ओढा. अवजार काढलेलं असू द्या. मग गाडी चालू करून पीटीओ लावा, चांगल्या उन्हात चार-पाच पावलं लांब उभं राहून झूम करून व्हिडिओ घ्या. नंतर एकेक चित्र पुढे सरकवत मोजा की रेघ पुन्हा त्याच जागी यायला किती चित्रं लागली. २६ ते २७ चित्रं लागली तर ५४०. २४ लागली तर ६००. ३० लागली तर ४८०, आणि ३२ लागली तर ४५०. एकाच फेऱ्यावर विसंबू नका. दहा फेऱ्यांची चित्रं मोजून १० ने भागा. मी लेझर मीटरसोबत ताडून पाहिलंय, फरक नगण्य येतो.

अवजार मोकळं फिरत असताना ५४० लावायचे, की मातीत उतरल्यावर?

मातीत उतरल्यावर ५४० दिसले पाहिजेत. भार आला की डिझेल इंजिन थोडं बसतं, मग गव्हर्नर (इंजिनाचे फेरे सांभाळणारा भाग) जास्त डिझेल सोडून त्याला सावरतो, तरी आधीच्या आकड्यावर ते पूर्ण परत येत नाही. म्हणून मोकळं असताना ५६० ते ५७० च्या आसपास ठेवा, हाताची रेस तिथेच अडकवा आणि पायाच्या रेसला हात, म्हणजे पाय, लावू नका. अवजार खाली गेल्यावर मीटर बघा. काटा ५४० च्या जवळ थांबला तर सगळं ठीक. तो घसरत घसरत खाली जातोय, धूर काळा होतोय, तर भार जास्त आहे. अशा वेळी रेस वाढवून उपयोग नाही, गिअर खालचा घ्या किंवा खोली कमी करा.

रोटाव्हेटरने ढेकळं मोठी राहतात. रेस वाढवू का?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न, आणि याचं उत्तर बहुतेकांना खोटं वाटतं : रेस वाढवून ढेकळाचा आकार फारसा बदलत नाही.

कारण असं. रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स ५४० चे साधारण २०० फेरे करून रोटरला देतो. एका चकतीवर एका बाजूला ३ पाती धरा. गाडी ताशी ३ किलोमीटरने चालली तर मिनिटाला ५० मीटर पुढे जाते. २०० फेऱ्यांत ५० मीटर म्हणजे एका फेऱ्यात २५ सेंटिमीटर, आणि ३ पात्यांत वाटले तर एक पातं साधारण ८ सेंटिमीटरचा घास घेतं. आता तीच गाडी वरच्या गिअरमध्ये ताशी ४ किलोमीटरने चालवा. रोटर तेवढाच फिरतोय, पण घास ११ सेंटिमीटरचा झाला. ढेकूळ मोठं झालं ते इथे.

याउलट गिअर तोच ठेवून रेस कमी केली, तर रोटरही मंदावतो आणि गाडीही, दोन्ही एकाच प्रमाणात. घास तेवढाच राहतो. रेस वाढवली तरी तसंच. फरक एवढाच पडतो की पात्याचा वेग कमी झाला की माती मागच्या पत्र्यावर जोराने आपटत नाही, त्यामुळे घास तेवढाच असला तरी फुटायचा राहतो. म्हणून क्रम असा ठेवा : रेस ५४० ला पक्की, आणि बारीक माती हवी तर गिअर खालचा. काही रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचे दाते अदलाबदल करून रोटरचे फेरे वाढवता येतात, पण तो पर्याय गिअर बदलून पाहिल्यानंतरचा.

आणि आपल्या काळ्या मातीत वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, हीच खरी गोष्ट आहे. वापशावर नसलेल्या वावरात पहिल्या लो गिअरमध्ये ५४० वर चालवलं तरी ओली माती पात्यांना लोळून चिकटते, आणि पार सुकलेली असेल तर दगडासारखी उडते. यंत्राने सोडवायचा हा प्रश्नच नाही, दोन दिवस थांबा.

कमी रेसवर चालवलं तर डिझेल वाचतं ना?

तासाचं डिझेल कमी लागतं, एकराचं लागेलच असं नाही. त्याच गिअरमध्ये ५४० ऐवजी ४५० वर चालवलं, तर ६ तासांचं काम ७ तास १२ मिनिटांचं होतं. तेवढा वेळ इंजिन, पंखा, गिअरबॉक्स सगळं फिरत राहतं. भाड्याने काम तासावर ठरलेलं असेल तर नुकसान शेतकऱ्याचं होतं, एकरावर ठरलेलं असेल तर ड्रायव्हरचं. शिवाय खालच्या रेसवर जड भार ओढताना इंजिन दबून चालतं, बेअरिंगवर ताण येतो, गाडी तापते.

ट्रॉली ओढताना, रिकाम्या रस्त्याने जाताना वरचा गिअर आणि कमी रेस हे बरोबरच आहे. पण तिथे मागे काही फिरत नसतं.

५४०-ई किंवा इकॉनॉमी पीटीओ काय आहे?

दांड्याचे फेरे तेच ५४०, पण इंजिन कमी रेसवर ते देतं, कारण आतले दाते वेगळे लागतात. हलक्या कामासाठी, म्हणजे फवारणी किंवा छोटा पंप, ही सोय खरोखर डिझेल वाचवते. रोटाव्हेटर किंवा श्रेडर त्यावर लावू नका. कमी रेसवर इंजिनाकडे तेवढी ताकदच नसते.

माझ्या गाडीला १००० ची सोय आहे. १००० वर टाकून रेस अर्धी केली तर ५४० मिळतील, मग अडचण काय?

आकडा मिळेल. तुमची गाडी २००० रेसला १००० फेरे देत असेल, तर १०८० रेसला ५४० मिळतील. पण १०८० वर इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या निम्म्याच्या आसपासच देऊ शकतं, म्हणजे थोडा भार आला की बसलं. ती एक गोष्ट. दुसरी जिवाची आहे. कुणाचा पाय चुकून रेसवर पडला, किंवा हाताची रेस सैल होऊन सरकली, की ५४० साठी बनवलेलं अवजार १००० च्या दिशेने जातं. फिरत्या पात्यावरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ५४० चे ६०० झाले तरी तो जवळपास चौथाईने वाढतो, १००० ला तो साडेतीन पटींच्या घरात जातो. पातं तुटलं तर गोळीसारखं सुटतं.

१००० च्या दांड्याला २१ बारीक खाचा मुद्दाम दिलेल्या आहेत, ५४० चं अवजार त्याला लागूच नये म्हणून. मधे अडॅप्टर लावून ती अडवणूक काढून टाकणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

सोयाबीन काढताना दाणा फुटतो. रेस कमी करावी का?

दाणा फुटतो तो ड्रमच्या फेऱ्यांमुळे, हे निदान बरोबर आहे. उपाय मात्र रेसचा नाही. हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो.

एका वर्षी घरचं बियाणं राखायचं म्हणून वेगळं वावर ठेवलं होतं. थ्रेशर भाड्याने आणलं, दाणा फुटताना दिसला. मी रेस खाली आणली. फुटणं कमी झालं, पण त्याच शाफ्टवरचा पंखा आणि चाळणीही मंदावली. भुसकट उडेना, दाण्यात काड्या आणि शेंगांची टरफलं येऊ लागली, ड्रममध्ये गोळा अडकला. मजूर वैतागले, तर मी रेस परत वर नेली आणि ते वावर तसंच काढून टाकलं. जूनमध्ये पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिली. पन्नासही कोंब आले नाहीत. सोयाबीनच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. वरून दाणा धड दिसत होता, पण आतला अंकुर ड्रमच्या माराने मेलेला होता.

बियाण्यासाठी सोयाबीन काढताना ड्रम ४०० फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा, दाणा जितका कोरडा तितका कमी. आणि ते करायचं पुलीने. गणित सोपं आहे : ज्या पुलीवरून पट्टा येतो तिचा व्यास गुणिले तिचे फेरे, बरोबर ड्रमच्या पुलीचा व्यास गुणिले ड्रमचे फेरे. मुख्य शाफ्टची पुली १२ इंची आणि ड्रमची ११ इंची असेल, तर ५४० वर ड्रम ५८९ ने फिरतो. ड्रमची पुली १६ इंची बसवली की ४०५. पीटीओ ५४० वरच राहतो, त्यामुळे मुख्य शाफ्टवरून चालणारा पंखा आणि चाळणी पूर्ण जोमाने चालतात. पट्टा थोडा लांब घ्यावा लागेल. तुमच्या थ्रेशरचा पंखा ड्रमच्याच शाफ्टवरून चालत असेल तर त्याचीही पुली बदलावी लागेल, हे बसवणाऱ्याला आधीच सांगा.

संत्र्याच्या ब्लोअरला रेस थोडी कमी चालते का? झाडं लहान आहेत.

लहान झाडांना चालते, भरलेल्या बागेत चालत नाही. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते, पण हवेचा दाब वर्गाने कमी होतो. ५४० चे ४८० केले तर हवा ११ टक्क्यांनी कमी आणि दाब २१ टक्क्यांनी. ६ बाय ६ मीटरवरच्या जुन्या, दाट झाडात औषध पोचवायचं ते हवेने. पानं हलून उलटी झाली तरच ते आतल्या फांदीवर आणि पानाच्या खालच्या बाजूला बसतं. बाहेरची पानं टपटप ओली दिसतात म्हणून काम झालं असं वाटतं, आणि कीड आत तशीच राहते.

पंपाचंही बघा. रेस कमी केली की आधी टाकीत परत जाणारी धार बारीक होते, दाबाचा काटा तोच राहतो. म्हणून लक्षात येत नाही. पण त्या परतीच्या धारेनेच टाकीतलं औषध ढवळलं जातं. पावडरचं औषध असेल तर खाली बसतं, एका ओळीला पातळ आणि दुसऱ्या ओळीला जाड. उलट ५४० च्या वर नेणंही परवडत नाही. पंख्याला लागणारी ताकद घनाने वाढते. ६०० फेऱ्यांना ती ३७ टक्के जास्त लागते.

पीटीओवर जनरेटर चालवतो. दिवे कमी-जास्त होतात.

इथे फेऱ्यांत सूट नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि चार पोलच्या अल्टरनेटरला त्यासाठी १५०० फेरे लागतात. पीटीओ ५४० चा ५१३ झाला की ४७.५ हर्ट्झ, आणि मोटर तापायला लागते. पंप सुरू करताना भार एकदम येतो, म्हणून आधी मोठी मोटर चालू करा, दिवे नंतर. घराच्या वायरिंगला जोडायचं असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच वीज जोडणारा) बसवल्याशिवाय जोडू नका. तुमची वीज उलटी खांबावर गेली तर तिथे काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल.

मे महिन्यात गाडी तापते. रेस कमी केली की थंड होते का?

नागपूरच्या ४५ अंशांत सगळ्याच गाड्या तापतात. पण बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर असतात. भार तोच ठेवून रेस कमी केली की तेही मंदावतात आणि गाडी आणखी तापते. पीटीओचा लिव्हर काढा, भार सोडा, आणि मध्यम रेसवर चालू ठेवा. एकदम बंदही करू नका. पऱ्हाटीच्या श्रेडरमागे तर रेडिएटरची जाळी दर दोन तासांनी झटका, त्यावर सरकीच्या तुसांचा थर बसतो.

धुऱ्यावर वळताना रोटाव्हेटर उचलला की खडखड होते. फेरे बिघडतात का?

हो, अक्षरशः. कार्डन शाफ्टच्या (पीटीओ आणि अवजार जोडणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, कोन आला की पुढचा भाग एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. ३० अंशाच्या कोनात ५४० चे ४६८ ते ६२४ असे झोके बसतात. अवजार जमिनीवर असताना दोन्ही टोकांचे कोन सारखे असतात आणि हे झोके एकमेकांना मारतात. उचललं की कोन वेगवेगळे होतात. म्हणून वळताना पाती जमिनीतून निघतील एवढंच उचला, किंवा पीटीओ सोडा. हायड्रोलिकच्या लिव्हरला अडकण लावून ठेवली की हात चुकत नाही.

क्लच दाबला की रोटाव्हेटरही थांबतो, शेजाऱ्याचा थांबत नाही. असं का?

तुमचा सिंगल क्लच आहे, त्याचा ड्युअल. ड्युअलमध्ये अर्धा पाय दाबला की गाडी थांबते आणि पीटीओ चालू राहतो. ज्यांच्याकडे वेगळ्या लिव्हरचा स्वतंत्र पीटीओ आहे त्यांना हा प्रश्न येतच नाही. थ्रेशर आणि श्रेडरमध्ये गोळा अडकतो तेव्हा ही सोय मोलाची ठरते.

रिव्हर्स पीटीओ आणि ग्राउंड स्पीड पीटीओ?

रिव्हर्स पीटीओ दांडा उलटा फिरवतो. अडकलेलं थ्रेशर मोकळं करायला उत्तम. ग्राउंड स्पीड पीटीओ चाकांच्या वेगाने फिरतो, रेसने नाही, आणि गाडी मागे घेतली की उलटा जातो. त्यावर ५४० चं गणित लागू होत नाही.

४५ एचपीची गाडी घेतली, अवजारवाला म्हणतो पीटीओ एचपी सांगा.

इंजिनाच्या ताकदीपैकी साधारण ८५ ते ९० टक्के मागच्या दांड्यावर पोचते. ४५ चे ३८ ते ४० धरा. अवजार त्यावर निवडा. खात्रीचा आकडा हवा तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते, तिच्या अहवालात तुमच्या मॉडेलचा पीटीओचा आकडा असतो. विक्रेत्याकडे मागा.

शाफ्टचं प्लास्टिक कव्हर तुटलंय. चालेल का?

नाही. ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. ६ सेंटिमीटर जाड शाफ्ट एका सेकंदात दीड मीटरहून जास्त कापड गुंडाळून घेतो. दुपट्टा, धोतराचा सोगा, पदर, स्वेटरची दोरी, काहीही. ओढलं जातंय हे कळून हात लिव्हरकडे जाईपर्यंत सगळं होऊन जातं. थ्रेशरवर बहुतेक बाया कामाला असतात आणि धूळ टाळायला डोक्याला दुपट्टा बांधतात. शाफ्टच्या बाजूने जाण्याची वाट दोरी बांधून बंद करा, आणि पदर खोचून घ्यायला सांगायला लाजू नका. शाफ्ट ओलांडून जाणं तर कधीच नाही, गाडी मंद रेसवर असली तरी. नवं कव्हर मशागतीच्या एखाद्या दिवसाच्या भाड्यात येतं.

गाडीवर वेगवेगळे ड्रायव्हर बसतात. त्यांना कसं समजावू?

मी मीटरच्या काचेवर लाल नेलपॉलिशची रेघ मारली आहे, भाराखाली काटा जिथे हवा तिथे. ५४० ची खूण त्याच गाडीवर मोजून घेतलेली. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने लिहिलंय : ‘रोटाव्हेटर – लो २, काटा लाल रेघेवर. थ्रेशर – काटा लाल रेघेवर.’ नवा पोरगा आला की त्याला एवढंच दाखवतो. रेघ दरवर्षी मृगाच्या आधी मोबाइलने पुन्हा मोजून बघतो, कारण मीटरची केबल घासली की काटा खोटं बोलायला लागतो.